फुकटचा भराव आणि साडेसात हजार वर्षांचा डोस



आवण टाकायचे दिवस जवळ आले की आमच्या गोराई-मनोरी पट्ट्यात दोन प्रकारची माणसं बांधावर फिरायला लागतात. एक बियाणंवाले आणि दुसरे भराववाले. बियाणंवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्या पिशवीवर निदान लॉट नंबर असतो. भराववाल्यांच्या तोंडी यंदा नवा शब्द आहे, स्लॅग. "लोखंडाच्या कारखान्याचा माल आहे, डेब्रिजसारखी विटा-प्लॅस्टिकची भानगड नाही. खाचर उंच होईल, भरतीचं पाणी शिरायचं थांबेल, वर भाताला सिलिकॉन मिळेल. आणि सगळं फुकट."

मी स्लॅगच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर कृषी पदवीवाली मंडळी लगेच जपानची उदाहरणं घेऊन येतील. जपानचं मीच सांगतो पुढे. माझा विरोध आहे तो शेतात डंपरनं उतरणाऱ्या, कागद नसलेल्या, कुठल्या भट्टीतून आला ते माहीत नसलेल्या स्लॅगला. आणि तो आणणारा शेतकऱ्यावर उपकार केल्याचा आव आणतो, त्याला जास्त.

आधी ही वस्तू काय ते बघू. खनिजातून लोखंड काढताना भट्टीत खनिजाबरोबर कोक आणि चुनखडी टाकतात. खनिजातली माती-वाळू चुन्याशी मिळते आणि वितळून लोखंडाच्या वर तरंगते. ती वेगळी काढतात, तीच स्लॅग. आपल्याकडे लोहार याला कीट म्हणायचे. पुस्तकात मळी म्हणतात, पण मळी म्हटलं की घाटावरच्या शेतकऱ्याला साखर कारखान्याची मळी आठवते, ती वेगळी, तिच्याशी याचा काही संबंध नाही. एक टन कच्चं लोखंड काढताना साधारण 300 ते 400 किलो स्लॅग निघते. त्या लोखंडाचं पुढे पोलाद करताना आणखी निघते, ती वेगळ्या जातीची. देशात नुसती पोलादाची स्लॅग वर्षाला 1 कोटी 90 लाख टनांच्या आसपास निघते असं सरकारच सांगतं. आता कारखान्याच्या जागी बसून विचार करा. एवढा माल रोज निघतोय, थांबत नाही, ठेवायला जागा लागते, जागेला पैसे लागतात. तो माल दुसऱ्या कोणाच्या जमिनीत गेला की कोणाचा फायदा झाला? मग फुकट कोण कोणाला देतंय?

आता जपान. भाताला सिलिका लागते हे खरं आहे. सगळ्या पिकांत भात सिलिका ओढण्यात पुढे. पानात सिलिका असली की पान ताठ राहतं, ऊन चांगलं घेतं, करपा कमी येतो, खोडकिड्याला चावायला कठीण जातं, पीक लोळत नाही. जपाननं 1955 साली भट्टीच्या स्लॅगपासून केलेलं कॅल्शियम सिलिकेट खत म्हणून मान्य केलं. त्याच्याही आधी युरोपात, 1879 च्या सुमारास थॉमस नावाच्या इंग्रजानं फॉस्फरसवालं खनिज वापरून पोलाद करायची रीत काढली. त्यातून निघालेली स्लॅग दळून जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं स्फुरद म्हणून टाकली. आपल्याकडे थॉमस स्लॅगचं नाव घेऊन माल विकणारे भेटतात. पण ते स्फुरद त्या खनिजातलं होतं. आपल्या पोलादाच्या स्लॅगमध्ये स्फुरद दोन-तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जातं. म्हणजे नाव थॉमसचं आणि माल भलताच.

जपानी शेतकरी ते टाकतो कसं, हे आपला भराववाला सांगत नाही. ते पिठासारखं दळलेलं असतं. हेक्टरी दीड-दोन टन, माती तपासून, नांगरटीआधी पसरून. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण त्रैराशिक येतं. हेक्टरी दोन टन म्हणजे एकरी आठ क्विंटल. आता आमच्या इथला भराव घ्या. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. तीन फूट भरायचं म्हटलं तर सुमारे 3,700 घनमीटर माल लागतो. घनमीटरला 1.6 टन धरा, स्लॅग जड असते, हा आकडा मी कमीच धरलाय. झाले जवळपास 6,000 टन. सोळा टनी डंपर धरला तर पावणेचारशे खेपा. जपानी शेतकरी एकरी 0.8 टन टाकतो, तुम्ही 6,000 टन टाकणार. साडेसात हजार वर्षांचा डोस एका उन्हाळ्यात. याला खत म्हणायचं असेल तर समुद्रात बुडालेल्या माणसाला पाणी पाजलं म्हणायला हरकत नाही.

बरं, तो डोस तरी लागू होतो का? ढेकळाएवढा स्लॅगचा दगड मातीत पडला की तो दगडच राहतो. बारीक दळल्याशिवाय त्यातली सिलिका पिकाला मिळत नाही. किती वर्षं दगड राहतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीजवळ नायकुंड म्हणून गाव आहे. तिथे 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. लोखंड गाळायची जुनी भट्टी सापडली, इसवी सनाच्या आधी सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या सुमाराची. आणि भट्टीबरोबर काय सापडलं? स्लॅग. अडीच हजार पावसाळे विदर्भाच्या मातीत काढून ती अजून हातात घेऊन ओळखता येते. पुरातत्त्ववाल्यांना त्याचा आनंद, त्यांचं कामच ते. पण तुमच्या खाचरात पडलेली तुमच्या पणतूच्या पणतूला नांगराला लागणार आहे, एवढं लक्षात ठेवा.

जुन्या लोकांना स्लॅगचं कळत नव्हतं असं नाही. आयुर्वेदात मंडूर म्हणतात ते दुसरं तिसरं काही नाही, जुनं लोखंडाचं कीट. रक्त कमी असलं की पुनर्नवा मंडूर देतात, अजून दुकानात मिळतं. पण त्या शास्त्रात नियम काय आहे ऐका. शंभर वर्षांवरचं कीट उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ, आणि त्याहून ताजं विषासारखं. तेही पुन्हा पुन्हा तापवून गोमूत्रात विझवून, कुटून, भस्म करून गुंजभर द्यायचं. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा वैद्य विचारत होता की कीट कुठलं, किती जुनं, शुद्ध केलं का, मात्रा किती. आणि आज 'काका, सही माल आहे' एवढ्यावर आपण बांध फोडून डंपरला वाट करून द्यायची?

मी एका पोराला विचारलं होतं. भराव विकायला आला होता, चांगला बोलका पोरगा.

"दादा, हा माल कुठल्या भट्टीचा?"

"काका, स्टीलचाच आहे ना."

"स्टीलचा म्हणजे? ब्लास्ट फर्नेसचा, एलडीचा, की इंडक्शनचा?"

"काका, तुम्हाला भराव पाहिजे का नको?"

माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. स्लॅग ही एक वस्तू नाही. जशी भट्टी आणि जसं खनिज, तशी ती बदलते. मोठ्या ब्लास्ट फर्नेसची स्लॅग पाण्यानं एकदम थंड केली की वाळूसारखी दाणेदार होते, ती दळून सिमेंटात जाते. तीच हळू थंड केली की खडी होते. पोलादाच्या एलडी भट्टीच्या स्लॅगमध्ये चुनाच 40 ते 50 टक्के असतो, त्यातला काही मोकळा. इंडक्शन भट्टीत खनिज नसतंच, भंगार वितळवतात. भंगारात जे असेल, जस्ताचा मुलामा असेल, रंग असेल, त्याचं काही ना काही वर येतं. तांब्याच्या भट्टीची स्लॅग तर काळी काचेसारखी, त्यात चुना नावाला, लोखंड आणि वाळू जास्त, शिवाय तांबं, जस्त, कधी शिसं आणि आर्सेनिक. फेरोक्रोमची असेल तर क्रोमियम. ढीग म्हणून बघितलं तर सगळे काळे-करडे. डोळ्यांनी कळत नाही. डंपरवाल्यालाही कळत नाही, त्याला फक्त खेपेचे पैसे कळतात.

आता आपली जमीन. दक्षिण कोकणात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे जांभी जमीन, आम्लधर्मी. तिथे चुना आणि सिलिकेट दिलं तर कामाचं होऊ शकतं. आम्लता कमी होते, लोह-ॲल्युमिनियमनं धरून ठेवलेलं स्फुरद थोडं सुटतं. तिथे दापोली विद्यापीठाच्या सल्ल्यानं, दळलेली, तपासलेली स्लॅग कोणी वापरत असेल तर मी टाळ्या वाजवीन. पण आमची खाडीकाठची खार जमीन आधीच खारी, सामू सातच्या वर, कुठे आठपर्यंत. तिथे अजून चुना ओतायचा? जमीन चोपण असेल तर जिप्सम सांगतात, ते एवढ्याचसाठी की जिप्समनं कॅल्शियम मिळतं आणि सामू वाढत नाही. बाकी खार जमिनीवर उपाय जुनाच आहे. बांध घट्ट ठेवा, उघाडी वेळेवर उघडा-बंद करा, पहिल्या पावसाच्या पाण्यानं मीठ धुवून काढा, आणि पनवेलच्या खार जमीन केंद्राचे पनवेल-1, 2, 3 सारखे वाण किंवा आपला जुना रत्ता लावा. सामू वाढला की भाताला जस्त मिळत नाही, पानावर तांबूस ठिपके येतात, खैरा म्हणतात तो. मग तोच पोरगा झिंक सल्फेट विकायला येईल.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या वरच्या अंगाचा एक तुकडा गेल्या वर्षी असाच भरला गेला. भराव आमच्या खाचराहून वर आला. जूनमध्ये पाऊस पडला तसं त्यातून झिरपलेलं पाणी बांधातून आमच्या कोपऱ्यात यायला लागलं. पाणी दुधट, सुकलं की कडेला पांढरी साय धरायची. पीएचचे कागद आणून बुडवले, रंग थेट दहाच्या घरात. ॲसिड-चुन्याच्या कामात मी अडाणी असेन, पण कागदाला रंग कळतो. त्या कोपऱ्यातलं आवण पिवळं पडलं, उपटून दुसरीकडचं लावावं लागलं. तिथल्या चिंबोऱ्या त्या वर्षी दिसल्या नाहीत. जमीन त्याची, पाणी सगळ्यांचं. आणि आपल्या भागात गोड्या पाण्याच्या विहिरी किती उरल्यात, तुम्हाला माहीत आहे. त्याच पाण्यावर आपली भाजी होते.

"स्लॅग निष्क्रिय असते, दगडासारखी", हे दुसरं वाक्य नेहमी ऐकू येतं. निष्क्रिय असती तर पाणी दहा सामूचं झालं नसतं, ते सोडा. बांधकामवाल्यांचं पुस्तक बघा. खडी-वाळूचं भारतीय मानक आहे, आयएस 383, 2016 चं. त्यात पोलादाची स्लॅग सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये खडी म्हणून किती चालते? शून्य. का? कारण तिच्यातला मोकळा चुना ओला झाला की फुगतो आणि काँक्रीट फोडतो. म्हणजे अंधेरीच्या टॉवरच्या स्लॅबमध्ये जी एक किलो चालत नाही, ती गोराईच्या खाचरात सहा हजार टन चालते. स्लॅबसाठी मानक आहे, कारण स्लॅब पडला तर बिल्डरला कोर्टात ओढतात. भात पिवळं पडलं तर कोणाला ओढायचं?

सिमेंटातही तेच. स्लॅग सिमेंटला आयएस 455 आहे, त्यात दाणेदार स्लॅग 25 ते 70 टक्के घालायला परवानगी, चाचण्या ठरलेल्या. रस्त्यालाही नियम. मुंबई-गोवा महामार्गावर रायगड जिल्ह्यात एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा पोलादाच्या स्लॅगचा केलाय, जानेवारी 2024 मध्ये उद्घाटन झालं, सुमारे 80,000 टन स्लॅग त्यात गेली. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं आराखडा दिला, प्रक्रिया केलेला माल वापरला. उत्तम झालं. डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हे बरं. रस्त्यात घाला, सिमेंटात घाला. रस्त्यावर कोणी आवण लावत नाही.

आता कायद्याचं बघा. 2016 च्या घातक कचरा नियमांत एक ओळ आहे. राख, जिप्समसारखे कचरे, लाल चिखल, आणि भट्टीतल्या स्लॅग, हे 'हाय व्हॉल्यूम, लो इफेक्ट' म्हणजे प्रमाणानं जास्त पण परिणामानं कमी, म्हणून घातकच्या यादीतून वगळले. घातक नाही म्हणजे शेतात टाकायला चांगलं, असा अर्थ भराववाल्यांनी काढला. नियमात तसं कुठेही नाही. आणि परिणाम कमी, तो कोणाच्या मोजमापानं? याच देशात शहरी कचऱ्याचं कंपोस्ट विकायचं तर खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत. किलोला शिसं 100 मिलिग्रॅम, क्रोमियम 50, कॅडमियम 5, आर्सेनिक 10. त्याच्या वर गेलं तर विकता येत नाही. इलेक्ट्रिक भट्टीच्या स्लॅगमध्ये क्रोमियम कधी कधी एक टक्क्याच्या घरात जातं. एक टक्का म्हणजे किलोला 10,000 मिलिग्रॅम.

इथे कृषीवाली मंडळी म्हणतील, भाऊ, ते क्रोमियम दगडात कोंडलेलं असतं, तीन-संयुजेचं, पिकात जात नाही. मान्य. बहुतेक वेळा खरंही असेल. मग पाण्यात किती सुटतं त्याची चाचणी करा आणि कागद द्या. एवढंच मागतोय. कंपोस्टवाल्या बचत गटाला कागद मागता आणि कारखान्याच्या डंपरला मागत नाही, हे मला पटत नाही. आणि तुमच्यातले काहीजण स्लॅगच्या खतावर प्रयोग करताहेत ते चांगलं आहे, पण चर्चासत्रात 'शेतीत स्लॅगचा वापर' असा मथळा दिलात की त्याचा फोटो काढून भराववाला आमच्याकडे येतो. मथळ्यात 'दळलेली, तपासलेली, आम्ल जमिनीसाठी' हे तीन शब्द घालायला काय जातं?

आम्हा उपनगरवाल्यांना दुसऱ्याची घाण घ्यायची सवय लावून ठेवली आहे हेही खरं. गोराईचं डम्पिंग खाडीच्या काठाला होतं, किती वर्षं वास घेतला ते बोरिवलीकरांना विचारा. मुलुंडचं 2018 मध्ये बंद झालं. खारफुटीवर भराव टाकायला उच्च न्यायालयानं 2005 मध्ये अंतरिम आणि 2018 मध्ये कायमची बंदी घातली, पन्नास मीटरचा पट्टाही सोडायला लावला. म्हणून आता भराववाल्यांची नजर खारफुटीच्या मागच्या शेतावर आलीय. शेत उंच केलं की ते शेत राहत नाही, प्लॉट होतो, हे त्याला आपल्या आधी कळलंय. कोणाला प्लॉटच करायचा असेल तर त्यानं तसं सांगावं. सिलिकॉनचं नाव घेऊन करू नये.

आणि सिलिकॉनच पाहिजे ना? तो गिरणीच्या मागे पडलाय. डॉ. नारायण सावंतांची चारसूत्री आठवते का? पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर. तुसाची काळपट राख, पांढरी होईपर्यंत जाळलेली नाही, रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मातीत मिसळायची. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. रोप ताठ येतं, उपटताना मुळं सहज सुटतात. पेंढा खाचरात परत गाडायचा, त्यातूनही सिलिका आणि पालाश मिळतं. आपले म्हातारे राब भाजायचे, त्या राखेतही हेच होतं, त्यांनी सिलिकॉन हा शब्द ऐकला नव्हता एवढंच. तुसाच्या राखेत शिसं निघायची भीती नाही, आणि साडेसात हजार वर्षांचा डोस टाकायचा म्हटलं तरी तेवढं तूस मिळणार नाही.

या महिन्यात कोणी स्लॅग घेऊन आलाच तर त्याला चार गोष्टी लेखी मागा. कारखान्याचं आणि भट्टीचं नाव. सामू आणि मोकळा चुना. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, निकेल, एकूण किती आणि पाण्यात सुटतं किती. आणि वाहतुकीचं चलन. नमुना तुम्ही स्वतः काढा, ढिगाच्या वरून नको, आतून पाच-सहा जागचा काढून एकत्र करा, अर्धा त्याच्या सहीनिशी तुमच्याकडे ठेवा. सही करायला तयार नसेल तर डंपर रस्त्यावरूनच परत पाठवा. रात्री कोणी गुपचूप ओतून गेला तर सकाळी हात लावायच्या आधी नंबरप्लेटसकट फोटो, तारखेचा, आणि अर्ज तलाठ्याकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, पोच घेऊन. शेजाऱ्याच्या शेतात ओतला असेल तरी अर्ज करा. पाणी तुमच्याकडेच येणार आहे.